अकराच्या बसची कसोटी

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही पुढे सरकावं, जागा भरपूर आहे. आज एक कथा सांगणार आहे. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, लढाई नाही. आकडे आहेत. अहो, उठताय कुठे? आकडे म्हटलं की माणसाला परीक्षेचा हॉल आठवतो, ठाऊक आहे मला. पण ज्याने आभाळातल्या चांदण्यांचा हिशोब ठेवला त्यालाही कधी कंटाळा आला नाही, मग आपल्याला घटकाभरात यायचं काय कारण? बसा. एका शब्दाने घातलेला घोळ आणि तो निस्तरताना वाजलेला डंका, एवढंच हे आख्यान आहे.

एका शहराच्या कडेला टेकडी होती आणि टेकडीवर वस्ती. जुनी घरं, अरुंद जिने, आणि रस्ता असा चढाचा की वरच्या दुकानातून निसटलेलं लिंबू थेट खालच्या स्टेशनापाशी जाऊन थांबावं. वरून सकाळी अकराला एक बस उतरायची आणि दुपारी दोनला वर चढायची. कामावर जाणाऱ्यांच्या बसगाड्या वेगळ्या, सातच्या नि आठच्या. अकराची बस म्हणजे काठ्यांची, पिशव्यांची आणि "जरा थांब रे बाबा, आलेच" असं म्हणणाऱ्यांची. चालकही तसाच. आरशात बघून, सगळे बूड टेकून बसल्याशिवाय गाडी हलवायचा नाही.

या बसमध्ये चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर एक सत्तरी ओलांडलेली बाई बसायची. सीट राखीव नव्हती, पण तिथे बसायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. ही आपल्या आकडेताईची आई.

आकडेताई म्हणजे आपल्या कथेची नायिका. शहराच्या वाहतूक कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तिची खोली. किती तिकिटं फाटली, कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली, हे सगळं तिच्याकडे. कचेरीत तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. ती आणि आई, दोघीच टेकडीवर राहायच्या.

आणि टेकडीच्या पायथ्याशी, शुश्रूषागृहाच्या तळमजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर मावशी होती. आईची थोरली बहीण. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे खाण्यावरची वासना गेली होती. चमचा दिसला की दातखीळ. तिथल्या सिस्टरनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग नाही. मग एक दिवस चादरीची घडी घालता घालता आई आपल्याच नादात, दोघींचे वडील रोज म्हणायचे ती प्रार्थना गुणगुणायला लागली. "रात्र झाली तरी देवा, दार तुझे उघडे." बघते तर मावशीचे ओठ हलताहेत! तेव्हापासून आईला युक्ती सापडली. ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द मुद्दाम गाळायचा. "दार तुझे..." म्हणून थांबायचं. मावशीला ती रिकामी जागा सहन व्हायची नाही. शब्द यायचा नाही, पण तो आणायला तोंड उघडायचं, आणि तेवढ्यात चमचा आत! भगवंताचं नाव असं दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं बघा.

एकदा बस बिघडली होती. आई हट्टाने पायी उतरली, पण चढताना गुडघ्याने असा सूड घेतला की आठवडाभर ती खुर्चीतून उठली नाही. त्या आठवड्यात मावशीने पाणी सोडून काही घेतलं नाही. तेव्हा ही बस म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आणि एक दिवस त्याच बसच्या थांब्यावर कागद चिकटला.

आई दुपारी घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच. संध्याकाळी आकडेताई दारात येते न येते तोच म्हणाली, "तुमच्या कचेरीतली माणसं जेवतात ना गं? माणसांसारखीच जेवतात ना?"

"काय झालं आई?"

"अकराची बस बंद! एक तारखेपासून. मी चालकाला विचारलं, बाळा, खरं का हे? तर तो रडवेला झाला. त्याच्याकडून लिहून आणलंय मी सगळं. वाच."

आकडेताईने वाचलं. वस्तीत सर्वेक्षण केलं, चारशे जणांना विचारलं, त्यातल्या फक्त सोळा टक्के लोकांना अकराची बस हवी आहे. चारांतल्या एकाला तरी हवी असेल तरच फेरी चालवायची, असा कचेरीचा नियम. आणि शेवटी ओळ होती: 'सर्वेक्षण कसोटीस उतरले असून निकाल सार्थ आहे, सबब फेरी बंद करण्यात येत आहे.'

'निकाल सार्थ.' आकडेताईने ती ओळ पुन्हा वाचली. हे दोन शब्द तिचेच होते.

झालं होतं असं. सर्वेक्षण बाहेरच्या एका कंपनीने केलं होतं. आकडेताईकडे आले ते फक्त वयांचे आकडे: विचारलेल्या माणसांची वयं वस्तीतल्या वयांशी जुळतात का, एवढं तपासून द्या. बसचं नावही त्यात नव्हतं. तिने इमानेइतबारे कसोटी लावली. ही कसोटी जुळणीची. संख्याशास्त्रात तिला काय-वर्ग म्हणतात. उत्तर आलं ब्याण्णव पॉइंट चार. तिने खाली लिहिलं, 'काय-वर्ग ९२.४. निकाल सार्थ,' आणि कागद वर पाठवला. आकडेवाल्यांच्या भाषेत सार्थ म्हणजे काय? तर दिसतोय तो फरक योगायोगाने पडलेला नाही, खराच आहे. म्हणजे माणसं जुळत नाहीत! आणि वरच्या मजल्यावर त्याचा अर्थ लागला होता, वा, सार्थक झालं!

"आई," आकडेताई खुर्चीत बसत म्हणाली, "ही बस मी बंद केली."

"तू?"

"माझ्या एका शब्दाने." तिने काय-वर्गाची हकिकत सांगितली.

"काय वर्ग? कोणता वर्ग? चौथीचा?"

"अगं, नाव आहे ते. काय-वर्ग."

"तेच विचारतेय मी, काय वर्ग?"

अशा प्रसंगातही आकडेताईला हसू फुटलं. मग आईलाही. पण हसून झाल्यावर आई हळूच म्हणाली, "शब्द तुझा ना? मग परत घे. तोंडातून गेलेला घास परत घेता येत नाही, शब्द घेता येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडेताई मोठ्या साहेबांच्या दारात उभी. मोठे साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचा भला माणूस. चष्मे तीन; दोन टेबलावर, आणि हवा तो नेमका कपाळावर.

"या, या, आकडेताई! तुमचं कौतुक करायचं राहूनच गेलं. ब्याण्णव पॉइंट चार! आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाला पडले नाहीत. मी तर समितीत सांगितलं, डिस्टिंक्शनमध्ये पास झालेलं सर्वेक्षण आहे."

"साहेब, ते गुण नाहीत."

"मग काय आहे?"

"अंतर आहे."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "कुणापासून कुणाचं?"

"ज्यांना विचारलं त्यांचं, जे टेकडीवर राहतात त्यांच्यापासून. जुळणी चांगली असेल तर हा आकडा शून्याच्या जवळ येतो. सहाच्या वर गेला की कान टवकारायचे. आपला ब्याण्णव आहे."

"म्हणजे जितका जास्त तितका वाईट?"

"हो."

"मग ही कसली कसोटी हो? तापच की हा!" साहेबांनी चष्मा परत कपाळावर चढवला. "पण मग तुम्ही सार्थ कशाला लिहिलंत? माझे वडील निवृत्त झाले तेव्हा हार गळ्यात घालून म्हणाले होते, आयुष्य सार्थ झालं. ढसाढसा रडले होते. मी आपला तोच अर्थ घेतला."

"चूक माझी आहे, साहेब. आमचा शब्द मी तुमच्या शब्दांत सांगायला हवा होता."

"आता समितीची सही झाली, कागद चिकटला." साहेबांनी दुसरा चष्मा उचलला, पुसला, ठेवला. "गुरुवारी परत बोलावतो सगळ्यांना. पण सांगायचं तुम्ही. मला विचाराल तर मी परत डिस्टिंक्शनच म्हणेन."

आकडेताई बाहेर पडली तर जिन्यात मिनिटराव उभे. हे कचेरीचे वेळापत्रक आखणारे. यांच्या घड्याळात सेकंदकाटा जरा जोरातच चालतो असं लोक म्हणत. अकराची फेरी गेली की सगळं वेळापत्रक एका पानावर बसणार होतं, आणि एका पानाचं वेळापत्रक हे मिनिटरावांचं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. ते छापायलाही तयार होतं.

"काय आकडेताई, ऐकलं ते खरं का? आईची बस वाचवताय म्हणे!"

"कानांवर बरंच पडतं हो तुमच्या."

"पडणारच. कान काही वेळापत्रकाने उघडत नाहीत. पण घरचं माणूस बसमध्ये आणि आपण तराजू धरायचा, हे दिसायला बरं नाही, एवढंच म्हणतो."

शब्द बोचला, कारण त्यात खोट नव्हती. त्या रात्री आकडेताईने कसोटी तीनदा नव्याने मांडली, आणि तिन्ही वेळा मनात म्हणाली, देवा, मला हवं ते दाखवू नकोस, आहे ते दाखव. तिन्ही वेळा ब्याण्णव पॉइंट चारच आलं.

गुरुवार उजाडला. बैठकीची खोली लांबट, मधे टेबल, टेबलावर चहाचे कप. समितीची पाच माणसं, मोठे साहेब मधोमध आणि मिनिटराव उजव्या हाताला. आकडेताई उभी राहिली, आणि पहिलंच वाक्य बोलली ते असं:

"सुरुवातीलाच सांगते. माझी आई रोज अकराच्या बसने जाते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. आकडे पाहा."

मिनिटरावांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. जे ते बोलणार होते ते हिनेच बोलून टाकलं.

"चारशे माणसं विचारली. कमी नाहीत," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"नाहीतच कमी. पण चारशे कोण?" आकडेताई फळ्याकडे वळली. "जनगणना सांगते, टेकडीवर शंभरांत तीस तरुण, चाळीस मधल्या वयाचे आणि तीस साठीच्या पुढचे. मग चारशे जणांत किती अपेक्षित? एकशे वीस, एकशे साठ, एकशे वीस. आपल्याला भेटले किती? तरुण एकशे ऐंशी. मधले एकशे चौऱ्याऐंशी. आणि साठीच्या पुढचे..." तिने आकडा लिहिला आणि खडू खाली ठेवला. "छत्तीस."

"छत्तीस?" साहेब म्हणाले. "एकशे वीसच्या जागी?"

"छत्तीस. आता अंतर मोजू. अपेक्षित आणि भेटलेले यांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि अपेक्षित संख्येने भागायचं. तरुणांचा फरक साठ. वर्ग तीन हजार सहाशे. एकशे वीसने भागले, तीस. मधल्यांचा आला तीन पॉइंट सहा. आणि म्हाताऱ्यांचा एकट्यांचा अठ्ठावन्न पॉइंट आठ. बेरीज करा."

साहेब ओठ हलवत बेरीज करू लागले आणि मोठ्याने म्हणाले, "ब्याण्णव पॉइंट चार! बरोब्बर!" मग स्वतःच्याच आनंदाची जरा लाज वाटून चष्मा पुसू लागले.

"पण असं योगायोगाने होऊ शकतं की," मिनिटराव म्हणाले. "चिठ्ठ्या टाकल्या तरी कमी-जास्त होतंच."

"होतं. म्हणूनच तर कसोटी आहे. टेकडीवरून चिठ्ठ्या टाकून चारशे माणसं शंभर वेळा निवडलीत, तर थोडंफार अंतर दर वेळी पडेल. पण तीन गटांत ते सहाच्या वर जाईल ते शंभरांत साधारण पाच वेळा. ब्याण्णववर जायला किती वेळा निवडावं लागेल ते विचारू नका, मिनिटराव. तुमचं घड्याळ पुरायचं नाही."

कुणीतरी खुदकन हसलं. मिनिटरावांनी घड्याळावर बाही ओढली.

"सार्थ म्हणजे एवढंच," आकडेताई म्हणाली. "हा फरक योगायोगाचा म्हणून सोडून देता येत नाही. मी तो शब्द अर्धा लिहिला. आज पुरा करते. ज्यांना आपण विचारलं ती टेकडी नव्हे."

"मग विचारलं कुणाला?" साहेब म्हणाले.

"मी कंपनीला विचारलं. सर्वेक्षणवाले सकाळी सात ते नऊ खालच्या स्टेशनच्या दारात उभे होते. टेकडीवर राहता का, म्हणून विचारत होते. तिथे भेटणार कोण? सातच्या नि आठच्या बसने उतरलेले. अकराची बस हवी का, हे आपण आठच्या बसवाल्यांना विचारलं." तिने समोरचा चहाचा कप उचलला. "यात साखर घातलीय, पण ढवळलेली नाही. मी वरचा एक घोट घेऊन म्हणाले, साखर नाही, तर तुम्ही काय म्हणाल?"

"ढवळा म्हणू," साहेब म्हणाले.

"तेच म्हणते मी."

आता मिनिटराव सावरून बसले होते. माणूस हुशार होता, नाही असं नाही. "ठीक आहे. मग परत सर्वेक्षण कशाला? त्या छत्तीस जणांची उत्तरं एकशे वीस जणांची धरा. गुणाकार करा की झालं."

प्रश्न नेमका होता. आकडेताईने मान डोलावली. "हे मी करून पाहिलं असतं, मिनिटराव. पण सकाळी सातला स्टेशनात भेटलेला म्हातारा म्हणजे गुडघे शाबूत असलेला म्हातारा. त्याला कितीनेही गुणा, माझ्या आईचा गुडघा त्यातून निघायचा नाही."

खोली हसली. आणि हसता हसता साहेबांचा हात नकळत स्वतःच्या गुडघ्यावर गेला.

"म्हणजे तुमची कसोटी सांगते, बस ठेवा," ते म्हणाले.

इथे, मंडळी, नीट ऐका. इथे आकडेताईला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. साहेब तयार होते, समिती हसत होती, 'हो' म्हटलं असतं तर त्याच खोलीत बस वाचली असती. डोळ्यांसमोर मावशीचे घट्ट मिटलेले ओठ होते.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ही कसोटी बसबद्दल चकार शब्द बोलत नाही. चारशे जणांची वयं टेकडीशी जुळत नाहीत, एवढंच ती सांगते. टेकडीला बस हवी की नको, हे अजून कुणालाच माहीत नाही. नीट विचारा. घराघरांतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडा, दार वाजवा, आणि दार उघडायला वेळ लागला तर थांबा. आणि या वेळी हिशोब मी करणार नाही."

"मग कोण करणार?"

"मिनिटराव. पद्धत मी शिकवते."

मिनिटराव खोकले. साहेबांनी तिसरा चष्मा चढवला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मंजूर. निकाल लागेपर्यंत अकराची बस धावेल. आणि तो थांब्यावरचा कागद आधी काढा, त्याच्यावर सार्थ लिहिलंय."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "हो म्हणाली असतीस तर?"

"बस मिळाली असती."

"आणि आता उलटं निघालं तर?"

आकडेताईने पुढचं भांडं पुसायला उचललं. आईने पुसलेला पेला उजेडात धरून पाहिला. "तर आम्ही दोघी बहिणी काहीतरी करू. तू खोटी पडली असतीस, तर मी तिला प्रार्थना कोणत्या तोंडाने ऐकवली असती?" आणि पेला जागेवर ठेवून पुढे म्हणाली, "पण तुझा तो मिनिट्या मोजायला चुकला, तर मात्र मी स्वतः कचेरीत येईन हं."

सर्वेक्षण झालं. या वेळी माणसं वेगवेगळ्या वेळी टेकडी चढली, दारं वाजवली, थांबली. एका घरात आजोबांना दारापर्यंत यायला इतका वेळ लागला की विचारणारा पायरीवर बसला, आणि दार उघडून आजोबा म्हणाले, "आधी सांगा, पुन्हा येणार असाल तर दार उघडंच ठेवतो." आकडेताईचं घर चिठ्ठीत निघालंच नाही. आईला त्याचा राग आला. "सगळ्या टेकडीला विचारतात, मला तेवढं नाही!" पण आकडेताईने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

कागद थेट मिनिटरावांच्या खोलीत गेले. दार बंद. आकडेताई आपल्या खोलीत बसून तिकिटांचे आकडे जुळवत होती, आणि जुळवलेले परत जुळवत होती. शेवटी जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मिनिटराव धावताना आजवर कुणी पाहिले नव्हते. त्यांची शिस्तच अशी की वेळेवर निघावं, म्हणजे धावावं लागत नाही.

"शून्य!" ते दारातूनच ओरडले. "शून्य पॉइंट त्र्याहत्तर! पाऊणसुद्धा नाही, आकडेताई, पाऊणसुद्धा नाही!"

समोरच्या खोल्यांतून डोकी बाहेर आली. कुणीतरी हळहळलं, "अरेरे, शून्य मिळालं का बिचाऱ्यांना?"

"अहो, बिचारे कसले! शून्य म्हणजे पहिला नंबर!" मिनिटरावांनी कागद टेबलावर आपटला. "बघा. तरुण एकशे चौदा, मधले एकशे अडुसष्ट, म्हातारे एकशे अठरा. हवे होते एकशे वीस, एकशे साठ, एकशे वीस. दोनच म्हातारे कमी! मी चार वेळा केलं. तुमच्या शब्दांत सांगतो: वयाच्या बाबतीत ही माणसं टेकडीहून वेगळी आहेत, असं म्हणायला आता जागा नाही. तंतोतंत टेकडीच आहे असंही सिद्ध होत नाही, पण नाकारायला कारण उरलं नाही. बरोबर?"

"एवढं बरोबर तर मीसुद्धा लिहिलं नव्हतं," आकडेताई म्हणाली. तिने कागदावरून बोट फिरवलं. "आणि... बस?"

मिनिटराव थांबले. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम उशीर केला. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, घडी घातली.

"मिनिटराव!"

"चारशेपैकी एकशे बत्तीस. तेहतीस टक्के. चारांतल्या एकाची अट होती ना? इथे तिघांतल्या एकाला हवी आहे तुमची अकराची बस. माझं एका पानाचं वेळापत्रक गेलं पाण्यात." आणि मग, जणू आपल्यालाच आश्चर्य वाटल्यासारखे, ते हसले. "जाऊ दे. मागच्या बाजूलाही छापता येतं."

तोवर मोठे साहेब जिन्यावर पोचले होते, तिन्ही चष्मे हातात. "काय निकाल?"

"शून्य पॉइंट त्र्याहत्तर, साहेब!" अख्खा मजला एका सुरात ओरडला.

"शून्य!" साहेबांनी दोन्ही हात वर केले. "शाब्बास! आमच्या घराण्यात हे मात्र पुष्कळांना पडलंय!" आणि त्या हशात, त्या टाळ्यांत आकडेताई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. टाळ नव्हते, मृदंग नव्हता, पण जयजयकार म्हणतात तो याहून वेगळा असतो असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रजा घेतली आणि अकराच्या बसने आईबरोबर निघाली. थांब्यावर नवा कागद होता, दोन्ही बाजूंनी छापलेला, आणि अकराची फेरी इतरांपेक्षा ठळक अक्षरांत होती. चालकाने आरशातून आईला सलाम ठोकला. बस भरलेली होती. गाडी सुटताना मागून कुणीतरी म्हणालं, "काय हो ताई, पास झालो म्हणे आपण?" आई मान न वळवता म्हणाली, "शून्य मिळालं, शून्य! अभ्यास करून मिळवलंय पोरीने."

शुश्रूषागृहात मावशी खिडकीकडे तोंड करून होती. आईने पदर खोचला, वाटी घेतली, आणि म्हणायला लागली. गुडघे दुखत होते, पण आज आवाज चढा होता, उतारावरून लिंबू सुटावं तसा सुटला होता.

"रात्र झाली तरी देवा, दार तुझे..."

आई थांबली. चमचा तयार. मावशीचं तोंड उघडलं. आईचा हात पुढे गेला आणि तिथेच थबकला, कारण त्या उघड्या तोंडातून काहीतरी बाहेर येत होतं. घोगरं, अर्धवट, कित्येक महिने अडकून राहिलेलं.

"उघ... डे."

दारातली सिस्टर जागच्या जागी उभी राहिली. आईने आकडेताईकडे पाहिलं, आकडेताईने आईकडे. "परत म्हण," आकडेताई कुजबुजली. आईने परत ओळ धरली, मावशीने परत शब्द धरला, या खेपेला जरा स्वच्छ. आकडेताईच्या मनात आपोआप आलं, एकदा योगायोग म्हणता येईल. आईने तिसऱ्यांदा ओळ म्हटली आणि तिसऱ्यांदा उत्तर आलं. मग मात्र तिने मोजणं सोडून दिलं, आणि तिघींनी मिळून ती ओळ म्हटली. वाटीतलं सगळं निवून गेलं, पण त्या दिवशी मावशीने ते शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्लं.

आता माझं मागणं. जाताना एवढं करा. तुम्ही कुठेही असा, कधी हात जोडून बसलात की खिडकीजवळच्या खाटेवरच्या त्या मावशीची आठवण ठेवा. तिला अजून तो एकच शब्द येतो. दुसरा यावा, म्हणून तिच्यासाठी एक ओळ म्हणा, आणि शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडा.